शंका असेल तर आधी लॅब, मग रक्तदान

"रक्त देऊन टाकू, काही निघालंच तर रक्तपेढीवाले कळवतील." मनात धाकधूक असलेले काही जण असा हिशेब करून शिबिरात येतात. हिपॅटायटिस सी या लिव्हरच्या विषाणूजन्य आजाराच्या बाबतीत हा हिशेब चुकतो, आणि त्याची किंमत मोजतो तो ते रक्त चढवून घेणारा रुग्ण.

आपल्याकडे प्रत्येक पिशवीतल्या रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच आजारांसाठी तपासणी सक्तीची आहे. पण सीसाठी बहुतेक ठिकाणी एलायझासारखी चाचणी होते आणि ती विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते. या अँटिबॉडी चाचणीत दिसण्याइतक्या वाढायला साधारण 8 ते 11 आठवडे लागतात, क्वचित त्याहून जास्त. विषाणू मात्र 1 ते 2 आठवड्यांतच रक्तात सापडू लागतो आणि सुरुवातीच्या वाढीत दर 11 तासांच्या आसपास दुप्पट होतो. म्हणजे लागण होऊन महिना झालेल्या माणसाचे रक्त विषाणूंनी भरलेले असू शकते आणि चाचणी मात्र स्वच्छ येते. त्याला स्वतःलाही काही जाणवत नाही, कारण बहुतेकांना या काळात कावीळ होतच नाही. लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंतच्या या काळालाच विंडो पीरियड म्हणतात.

नॅट ही चाचणी थेट विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, शोधते, त्यामुळे हा काळ आठवड्या-दीड आठवड्यावर येतो. पण ती महाग आहे, देशभर सक्तीची नाही, म्हणून प्रत्येक रक्तपेढीत होत नाही. आणि अगदी पहिल्या काही दिवसांतली लागण तीही पकडू शकत नाही. त्यात एका पिशवीचे तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असे भाग वेगळे होतात. एका माणसाने लपवलेली गोष्ट तीन रुग्णांपर्यंत पोचू शकते. थॅलेसेमिया हा रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या मुलांना तर दर 2 ते 4 आठवड्यांनी रक्त लागते. त्यांच्या बाबतीत हा धोका दर खेपेला नव्याने येतो.

लागण होते ती रक्तातून रक्तात. त्यासाठी रक्त डोळ्यांना दिसलेच पाहिजे असे नाही. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू खोलीच्या तापमानाला 6 आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. जत्रेतल्या टॅटूवाल्याने सुई तुमच्यासमोर नवी फोडली म्हणून निर्धास्त होऊ नका, शाईची वाटी बघा. आधीच्या गिऱ्हाइकाच्या कातडीत टोचलेली सुई त्याच वाटीत बुडाली असेल, तर नव्या सुईचा उपयोग शून्य. एकाच सिरिंजने अनेकांना इंजेक्शन देणारे भोंदू डॉक्टर, एकमेकांच्या सुईने नशा करणे, नीट निर्जंतुक न केलेली दातांची हत्यारे, दुसऱ्याचा वस्तरा हे बाकीचे मार्ग. देशात सीची तपासणी सक्तीची झाली ती 2002 च्या सुमारास. त्याआधी ज्यांना रक्त चढवले गेले त्यांनी एकदा तरी चाचणी करून घ्यावी. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा डास चावल्याने हा आजार होत नाही.

दवाखान्यात किंवा कचरा वेचताना वापरलेली सुई टोचली, तर जखम दाबून रक्त काढत बसू नका, ब्लीच लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच वरिष्ठांकडे नोंद करा. बाधित सुईतून सीची लागण होण्याची शक्यता जुन्या अभ्यासांत 1.8 टक्के धरली जायची, नव्या आकडेवारीत ती 0.2 टक्क्यांच्या आसपास आहे. सीसाठी लस नाही, टोचल्यावर घ्यायचे प्रतिबंधक औषधही नाही. म्हणून तपासणीचे वेळापत्रक पाळणे एवढेच हातात उरते. पहिली अँटिबॉडी चाचणी 48 तासांच्या आत. ती फक्त टोचण्याआधीची स्थिती सांगते, त्यामुळे ती निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असे नाही. मग 3 ते 6 आठवड्यांनी आरएनए चाचणी आणि 4 ते 6 महिन्यांनी पुन्हा अँटिबॉडी. एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध मात्र 72 तासांच्या आत, जितके लवकर तितके बरे, म्हणून डॉक्टरांकडे जायला थांबू नका. हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का, हेही तेव्हाच सांगा.

रक्तपेढीतून "रिअ‍ॅक्टिव्ह" (म्हणजे चाचणीत लागणीची खूण दिसली) असा निरोप आला तर घाबरून घरभर सांगत सुटू नका. समजा, 1000 दात्यांत 4 जण खरोखर बाधित आहेत आणि चाचणी दर 1000 निरोग्यांमागे 5 जणांना चुकून रिअ‍ॅक्टिव्ह ठरवते. मग आलेल्या 9 निरोपांपैकी निम्म्याहून जास्त खोटे निघतील. शिवाय लागण झालेल्यांपैकी 15 ते 45 टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू आपोआप जातो, अँटिबॉडी मात्र राहतात. आज विषाणू आहे की नाही, हे आरएनए चाचणीच सांगते.

ती पॉझिटिव्ह आली तरी आता उपचार सोपे आहेत. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. सोफोस्बुव्हिर आणि डॅक्लाटास्विर या गोळ्या साधारण 12 आठवडे घ्यायच्या, 95 टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात. गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासून खात्री करतात. लिव्हर सिरॉसिसपर्यंत, म्हणजे कडक आणि निकामी होण्यापर्यंत, गेले असेल तर औषध आणि कालावधी बदलू शकतो. बरे झाल्यावरही रक्तदान मात्र कायमचे बंद, आणि पुन्हा लागण होऊ शकते.

विंडो पीरियडमध्ये रुग्णाला वाचवणारी गोष्ट एकच, फॉर्ममधले दात्याचे खरे उत्तर. टॅटू किंवा कान-नाक टोचून घेणे, स्वतःला रक्त चढवलेले असणे, घरात हिपॅटायटिसचा रुग्ण असणे, यानंतर आपल्या नियमांनुसार 12 महिने रक्त देता येत नाही. पण मित्रांच्या रांगेत उभे राहून, मागचा खांद्यावरून वाचत असताना, असल्या प्रश्नांवर "हो" ची खूण कोण करील? फॉर्म भरायला आडोसा आणि डॉक्टरांशी एकट्याने बोलायला कोपरा देणे हे आयोजकांचे काम आहे. कुणी परत फिरला तर "का रे?" असे विचारू नये. हेल्मेट आणि मिक्सरचे आमिष तर दाखवूच नये, त्याने खोट्या उत्तरांना खतपाणी मिळते. नातेवाइकासाठी "बदली रक्त" आणायचा तगादाही तसाच घातक आहे, कारण पेशंट आत असताना कुणी नाही म्हणू शकत नाही.

आणि रक्त देऊन झाल्यावर काही आठवले, किंवा तेव्हा बोलायची हिंमत झाली नव्हती, तर रक्तपेढीला फोन करा. नाव, तारीख आणि शिबिराचे ठिकाण सांगितले की नोंदींवरून पिशवी सापडते आणि ती बाजूला काढता येते. कारण सांगायला संकोच वाटत असेल तर "माझे रक्त वापरू नका" एवढेच सांगा. तांबड्या पेशी 35 ते 42 दिवस ठेवता येतात, पण प्लेटलेट 5 दिवसांतच कुणाला तरी चढवलेल्या असतात. म्हणून फोन त्याच दिवशी करायचा.