संपलेल्या संकटात पुन्हा बसताना: ऐतिहासिक क्रायसिस कमिटीची पार्श्वभूमी

मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे एमयूएन: विद्यार्थी देशांचे प्रतिनिधी (डेलिगेट) होऊन संयुक्त राष्ट्रांसारखी सभा भरवतात. या परिषदांत दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या खोल्या असतात. एकीत देशांच्या नावाचे प्लॅकार्ड वर होतात, मोशन मांडले जातात, ठरावाच्या मसुद्यातल्या शब्दांवर कीस पाडला जातो. दुसरीत, म्हणजे ऐतिहासिक क्रायसिस कमिटीत, १९६२ चा ऑक्टोबर, क्यूबाच्या क्षेपणास्त्र संकटाचा महिना, चालू असतो. तिथे डेलिगेट देशाची नाही, माणसाची भूमिका घेतो: कुणी अमेरिकेचा संरक्षणमंत्री मॅकनमारा, कुणी सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको. मध्येच बॅकरूममधून, म्हणजे खेळ चालवणाऱ्या आयोजकांकडून, बातमी येते आणि तासाभराच्या चर्चेवर पाणी पडतं. या दोन खोल्यांची कुळंही वेगळी आहेत.

पहिलं कूळ राष्ट्रसंघाचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेचं. १९२० मध्ये राष्ट्रसंघ कामाला लागला आणि त्याच दशकात अमेरिकेतल्या विद्यापीठांत त्याच्या अभिरूप सभा भरू लागल्या. सिराक्यूज विद्यापीठातली १९२७ ची सभा त्यांतली महत्त्वाची. अमेरिका स्वतः राष्ट्रसंघाची सदस्य कधीच झाली नाही, सेनेटने व्हर्सायचा तह मंजूर केला नाही. देशाने जिथे बसायला नकार दिला, तिथे त्याचे विद्यार्थी बसून पाहत होते. जपानने चीनचा मंचुरिया प्रांत बळकावल्याच्या प्रश्नावर २४ फेब्रुवारी १९३३ रोजी जिनिव्हात ४२ विरुद्ध १ असं मतदान झालं आणि जपानचं शिष्टमंडळ सभागृह सोडून गेलं. आज हा प्रसंग ऐतिहासिक कमिटीचा विषय होतो. तेव्हाच्या विद्यार्थ्यांसाठी ती सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाची जागा संयुक्त राष्ट्रांनी घेतली, तशी नावंही बदलली. बर्कलीची परिषद १९५२ पासून, हार्वर्डची १९५३ पासून आणि हेगची १९६८ पासून भरते.

दुसरं कूळ लष्करी आहे, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातला तरुण अधिकारी गेऑर्ग फॉन राइसवित्स याने नकाशावर खेळायचा युद्धखेळ सिद्ध केला. त्यातला खरा शोध फाशांचा किंवा सोंगट्यांचा नव्हता, पंचाचा होता. दोन्ही बाजूंचं सगळं चित्र फक्त पंचाला दिसे; खेळणाऱ्याला कळे ते त्याच्या सैनिकांच्या नजरेत येईल तेवढंच. आजच्या क्रायसिस कमिटीत डेलिगेट गुपचूप नोट पाठवतो आणि बॅकरूम तिचा परिणाम ठरवते, ती याच पंचाची परंपरा.

लढाईकडून राजकारणाकडे हा खेळ वळला तो शीतयुद्धात. १९५० च्या दशकाच्या मध्यावर रँड या अमेरिकन संशोधन संस्थेत हर्बर्ट गोल्डहॅमर आणि हान्स श्पायर यांनी राजकीय खेळ घडवले. त्यांत एकेका सरकारची भूमिका खेळाडू करत, एखादी चाल शक्य आहे की नाही हे पंच ठरवत, आणि ‘निसर्ग’ नावाची एक स्वतंत्र भूमिका असे. नेत्याचा मृत्यू, दुष्काळ, नवं तंत्रज्ञान अशा कुणाच्याच हातात नसलेल्या गोष्टी ती घडवून आणी. पुढे पेंटॅगॉननेही, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेही, हे तंत्र वापरलं. सप्टेंबर १९६४ च्या ‘सिग्मा २-६४’ या खेळात राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी आणि हवाई दलप्रमुख जनरल कर्टिस लमे यांच्यासारखे वरिष्ठ लोक बसले होते. बॉम्बफेकीने उत्तर व्हिएतनाम वाकणार नाही, असं त्या खेळातून पुढे आलं. काही महिन्यांतच खरी बॉम्बफेक सुरू झाली.

ऐतिहासिक कमिटीत ही दोन्ही कुळं एकत्र येतात, आणि इथेच खरी अडचण सुरू होते: शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. क्यूबाचंच पाहा. सोव्हिएत युनियनने तिथे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं आणून ठेवली होती आणि ती हटवा, अशी अमेरिकेची मागणी होती. २६ ऑक्टोबर १९६२ ला सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हचं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना पत्र आलं: क्यूबावर आक्रमण न करण्याची हमी द्या, म्हणजे तोडगा निघेल. दुसऱ्या दिवशी मॉस्को रेडिओवरून दुसरं पत्र आलं, त्यात तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं हटवण्याची अट होती. त्याच दिवशी क्यूबावर अमेरिकेचं यू-२ टेहळणी विमान पाडलं गेलं, वैमानिक मेजर अँडरसन मारला गेला. आजचा विद्यार्थी लगेच ‘ज्युपिटर देऊन टाका’ म्हणतो, कारण राष्ट्राध्यक्षांचा भाऊ रॉबर्ट केनेडीने त्या संध्याकाळी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिनला तसं खासगीत सांगितल्याचं त्याने वाचलेलं असतं. पण राष्ट्राध्यक्ष केनेडीच्या एक्सकॉम या सल्लागार गटातल्या बहुतेकांना या आश्वासनाचा पत्ताच नव्हता. क्यूबात सोव्हिएत सैनिक सुमारे ४२,००० होते, आणि वॉशिंग्टनचा अंदाज त्याच्या जवळपासही नव्हता. सोव्हिएत पाणबुडी बी-५९ वर अण्वस्त्रधारी टॉर्पेडो होता आणि तो सोडण्यावरून वाद झाला, ही गोष्ट २००२ च्या हवाना परिषदेत जगासमोर आली.

म्हणून बॅकग्राउंड गाइडमधली (डेलिगेटांना आधी दिल्या जाणाऱ्या माहितीपुस्तिकेतली) फ्रीझ डेट, म्हणजे खेळ जिथून सुरू होतो ती तारीख, ही नुसती औपचारिकता नाही. त्या तारखेनंतरचं काहीही खोलीत आणायचं नाही, हा नियम चेअरने, म्हणजे कमिटीच्या अध्यक्षाने, सैल सोडला की खेळाचं रूपांतर उत्तरं पाठ असलेल्या परीक्षेत होतं. चांगला बॅकरूम आणखी पुढे जातो. तो पत्रं मुद्दाम उशिरा पोचवतो, कारण तेव्हा मॉस्कोचा संदेश वॉशिंग्टनला पोचून उलगडेपर्यंत कित्येक तास जात. दोन्ही राजधान्यांना थेट जोडणारी हॉटलाइन १९६३ मध्ये सुरू झाली ती याच अनुभवातून.

अभिलेखागारं उघडत गेली तशा खोल्याही वाढल्या. अमेरिकेची भीती होती त्याहून क्यूबातला अण्वस्त्रसाठा मोठा होता आणि लहान पल्ल्याची अण्वस्त्रंही तिथे पोचली होती, हे १९९२ च्या हवाना परिषदेत उघड झालं. त्यामुळे क्यूबाचं संकट दोन महासत्तांपुरतं ठेवणं आता पटत नाही, आणि जॉइंट क्रायसिसमध्ये, म्हणजे एकच संकट अनेक खोल्यांत एकाच वेळी खेळलं जातं तेव्हा, वॉशिंग्टन, मॉस्को आणि हवाना अशा तीन खोल्या ठेवता येतात. तिसरी खोली चालवायला सगळ्यात कठीण. २८ ऑक्टोबरला क्षेपणास्त्रं परत नेण्याचा निर्णय क्यूबाचा नेता कॅस्ट्रोला बातम्यांतून कळला, त्याला कुणी विचारलंही नव्हतं. हवानाच्या डेलिगेटांच्या हातात मग एकच गोष्ट उरते: क्षेपणास्त्रं खरंच हलवली का, हे पाहायला संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांना आपल्या भूमीवर येऊ द्यायचं की नाही. महासचिव उ थांट महिनाअखेरीस हवानाला गेले तेव्हा कॅस्ट्रोने नकार दिला, आणि मोजणी शेवटी भर समुद्रात, परत निघालेल्या जहाजांच्या डेकवर करावी लागली.