नाक कानाशी, तरी चेहराच!

सुट्टीत भाचरं जमली की आमच्याकडे एक खेळ ठरलेला. समोरासमोर बसायचं आणि कागदाकडे न बघता, पेन्सिल न उचलता समोरच्याचं तोंड काढायचं. मग त्या गुंत्यात तेलखडू फिरवायचे. परवा भाचीने काढलेल्या माझ्या चित्रात एक डोळा कपाळावर होता, दुसरा गालावर आणि नाक कानाला चिकटलेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काहीतरीच! तोंड असं वाकडं का?"

काहीतरीच होतं, तर मग त्यात तोंड दिसलं कसं?

कारण आपला मेंदू चेहऱ्यांसाठी हपापलेला असतो. जन्मून काही मिनिटंच झालेली बाळंसुद्धा चेहऱ्यासारख्या आकृतीमागे जास्त मान वळवतात, असं 1975च्या एका प्रयोगात दिसलं. वर दोन ठिपके, खाली एक, एवढं पुरतं. शेंदूर लावलेल्या दगडाला दोन चांदीचे डोळे बसवले की तो आपल्याकडे बघू लागतो, तो याचमुळे. पपईत गणपती 'प्रकटतो' आणि व्हायकिंग-1 यानाने 1976 साली टिपलेल्या मंगळावरच्या टेकडीत चेहरा दिसतो, तोही याच सवयीने. चमत्कार असलाच तर तो मेंदूत आहे, पपईत नाही.

पण चेहरा आहे हे कळणं वेगळं आणि कोणाचा ते कळणं वेगळं. दुसऱ्या कामात डोळे-नाक-ओठ सुटे न बघता त्यांच्यातली अंतरं आणि एकूण मांडणी मेंदू एकदम वाचतो. त्यात मोठा वाटा मेंदूच्या तळाकडच्या, विशेषतः उजव्या बाजूच्या एका पट्ट्याचा असतो. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी 1997 साली त्याला 'फ्युजिफॉर्म फेस एरिया' म्हटलं. डोक्यावर इलेक्ट्रोड लावले तर चेहरा दिसल्यावर साधारण 170 सहस्रांश सेकंदांनी विद्युत आलेखात एक ठळक ऋण लाट येते, ती 'एन-170'.

आता गंमत. चेहरा उलटा दाखवला की ही लाट किंचित उशिरा येते, पण लहान होत नाही, बहुधा मोठीच होते! मांडणी वाचणारी यंत्रणा अडखळली की वस्तू ओळखणाऱ्या पेशीही कामाला लागतात, असं एक स्पष्टीकरण आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर थॉम्पसन यांनी 1980 साली ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या छायाचित्रात फक्त डोळे आणि तोंड उलटं चिकटवलं. ते छायाचित्र खाली डोकं वर पाय धरलं तर फारसं खटकत नाही. सुलटं केलं की दचकायला होतं.

भाचीचं चित्र मी उलटं धरलं, तर त्याचा वाकडेपणा निम्मा उतरला. 'मी' त्यात उरलो होतो तो चश्मा आणि मिशीपुरता. अंतरं तर तिने केव्हाच मोडीत काढली होती. (अशा चित्रांवरून मुलाचा स्वभाव सांगणारे आणि 'उजवा मेंदू जागा करून देतो' म्हणत फी घेणारे क्लास निघालेत. त्यापेक्षा तेलखडूंची मोठी पेटी आणा.)

पुढच्या रविवारी डोळे खाली आणि तोंड वर काढून बघायचं ठरलंय. चश्मा कुठे लावायचा, यावरून भांडण मात्र आत्ताच झालं.