हृदयध्वनी आणि मर्मर

हृदयाच्या झडपा मिटताना छातीवर ऐकू येणारा आखूड आवाज म्हणजे हृदयध्वनी. रक्तप्रवाह खळबळल्यामुळे येणारा लांबट आवाज तो मर्मर. रने लाएनेक या फ्रेंच वैद्याने १८१६ मध्ये पॅरिसला कागदाची घट्ट सुरळी रुग्णाच्या छातीला लावून हे आवाज ऐकले. स्टेथोस्कोपची सुरुवात तिथली.

पहिला ध्वनी (‘लब्’) हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या द्विदल (डावीकडची) आणि त्रिदल (उजवीकडची) झडपा मिटतानाचा, दुसरा (‘डब्’) महारोहिणी (शरीरभर रक्त नेणारी मुख्य रोहिणी) आणि फुप्फुस रोहिणीच्या तोंडाशी असलेल्या झडपांचा. दोहोंच्या मधला काळ आकुंचनाचा, दुसऱ्यानंतरचा प्रसरणाचा. ठोके जलद पडत असले की पहिला कुठला नि दुसरा कुठला, हेच कळेनासे होते. अशा वेळी मानेतल्या नाडीवर बोट ठेवतात. तिच्या किंचित आधी येतो तो पहिला. श्वास आत घेताना दुसरा ध्वनी दुभंगतो आणि सोडताना जुळतो, हे स्वाभाविक आहे. तो दोन्ही वेळा सारखाच दुभंगलेला राहिला, तर अलिंदांमधल्या (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या) पडद्याला छिद्र असल्याची शंका घेतात. तिसरा ध्वनी तरुणांत आणि गरोदर स्त्रियांत आढळू शकतो. चाळिशीनंतर मात्र तो बहुधा हृदय थकल्याची खूण असतो.

मर्मराची तीव्रता सहा श्रेणींत मोजतात. चौथीपासून पुढे तळहातालाही थरथर जाणवते. पण मोठा आवाज म्हणजे मोठा आजार, हा समज चुकीचा. निलयांमधल्या (खालच्या दोन कप्प्यांमधल्या) पडद्याचे लहानसे छिद्र चांगलेच गाजते, मोठे त्या मानाने गप्प असते. आकसलेल्या महारोहिणी झडपेचा, मानेकडे पसरणारा मर्मर हृदय दुबळे झाले की उलट मंदावतो. गळक्या द्विदल झडपेचा आवाज काखेकडे जातो.

भारतात विशेष महत्त्वाची ती आकसलेली द्विदल झडप. लहानपणी स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा सुजतो, त्यातून संधिवाताचा ताप येतो आणि काही वर्षांनी झडपेच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू हृदयाच्या टोकाशी अलगद टेकवायची. दाबून धरली की हा खालच्या पट्टीतला आवाज हरवतो. पहिला ध्वनी खणखणीत, दुसऱ्यानंतर झडप उघडल्याचा ‘टक्’ आणि मागोमाग गडगड. ‘टक्’ दुसऱ्या ध्वनीला जितका जवळ, तितकी झडप अरुंद. पाकळ्यांत चुना साचून त्या ताठरल्या की ‘टक्’ नाहीसा होतो. झडपेचे नेमके माप इकोवर (ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणाऱ्या तपासणीत) मिळते.

मुलांत, रक्तक्षयात, तापात आणि गरोदरपणी आकुंचनकाळात मऊ, निर्धोक मर्मर पुष्कळदा ऐकू येतो. प्रसरणकाळातला मर्मर तसा समजू नये, त्याची तपासणी व्हायलाच हवी. स्नायू जाड होऊन रक्ताची वाट अडवणाऱ्या आनुवंशिक विकारात उभे राहिल्यावर मर्मर वाढतो आणि उकिडवे बसल्यावर घटतो. बहुतेक मर्मरांचे याच्या उलट असते. या विकारात खेळताना अचानक मृत्यू येऊ शकतो. म्हणून तरुण खेळाडूच्या छातीत मर्मर सापडला, की त्याला उठ-बस करायला लावून पुन्हा ऐकतात.