नाकाच्या भरवशावर आत उतरू नये

हायड्रोजन सल्फाइड या वायूला कुजलेल्या अंड्यासारखा वास असतो. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा एक भागही नसला, तरी बहुतेकांच्या नाकाला तो कळतो. त्यामुळे गटारात, मळीच्या टाकीत किंवा तेलशुद्धीकरण कारखान्यात काम करणाऱ्या अनेकांची अशी समजूत असते की वास येत असेपर्यंत सावध राहावे आणि वास गेला की धोका टळला असे मानावे. प्रत्यक्षात घडते ते नेमके उलटे. या वायूचे प्रमाण दहा लाखांत १०० भागांच्या आसपास पोहोचले की काही मिनिटांतच वासाची जाणीव बधिर होते आणि नाकाला हवा स्वच्छ वाटू लागते. हे प्रमाण ५०० च्या पुढे गेले तर माणूस काही मिनिटांत कोसळू शकतो, आणि १००० च्या जवळपास गेले तर एक-दोन श्वासही पुरेसे ठरतात. म्हणजे सूचना सर्वांत जास्त गरजेची असते, नेमक्या त्याच क्षणी निसर्गाने दिलेला सूचक बंद पडतो.

नायट्रोजनच्या बाबतीत तर नाकाला सुरुवातीपासूनच काही कळत नाही. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यामुळे त्याला कोणी विषारी म्हणत नाही. मात्र आग लागू नये म्हणून रासायनिक टाक्यांमध्ये तो भरून ठेवतात आणि तेथील ऑक्सिजन त्यामुळे बाहेर ढकलला जातो. अशा टाकीत डोकावणाऱ्या माणसाला गुदमरल्यासारखे वाटेल ही अपेक्षा चुकीची आहे. गुदमरल्याची जाणीव शरीराला मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते, ऑक्सिजन घटल्यामुळे नव्हे. नायट्रोजनने भरलेल्या जागेत माणूस कार्बन डायऑक्साइड नेहमीप्रमाणेच बाहेर टाकत राहतो, म्हणून त्याला त्रास जाणवत नाही आणि एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. बाहेरून कोणताही वायू न भरताही असे घडू शकते. बराच काळ बंद राहिलेल्या लोखंडी टाकीच्या भिंती गंजतात तेव्हा गंजण्याची ती क्रियाच आतील ऑक्सिजन शोषून घेते. कधी काळी फक्त पाणी साठवलेली रिकामी टाकीही त्यामुळे जीवघेणी ठरू शकते. कार्बन मोनॉक्साइडला तर रंगही नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या तुलनेत २०० पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो.

धोक्याच्या जागी काम करणाऱ्यांसाठीची वायुमापक उपकरणे या उणिवेतूनच जन्माला आली. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी जो दिवा तयार केला, त्यात ज्योतीभोवती बारीक धातूची जाळी होती. ज्योतीची उष्णता जाळीत पसरून जात असल्याने बाहेरचा मिथेन हा खाणीतला ज्वलनशील वायू सहसा पेट घेत नसे. हाच दिवा मापकाचेही काम करी, कारण हवेत मिथेन असला की ज्योतीवर निळसर टोपी दिसे आणि ऑक्सिजन घटला की ज्योत विझे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी कार्बन मोनॉक्साइड ओळखण्यासाठी लहान प्राणी आणि पक्षी खाणीत नेण्याचा सल्ला दिला. कॅनरी पक्ष्याचा चयापचय वेगवान असल्याने माणसावर परिणाम दिसण्यापूर्वीच तो डळमळू लागतो. काही पिंजऱ्यांना ऑक्सिजनची लहान नळकांडी जोडलेली असे, म्हणजे खाली पडलेल्या पक्ष्याला पुन्हा शुद्धीवर आणता येत असे. ब्रिटनमधील खाणींत या पक्ष्यांची जागा इलेक्ट्रॉनिक मापकांनी घेण्याचा निर्णय १९८६ मध्ये झाला, म्हणजे ही पद्धत जवळजवळ आपल्या काळापर्यंत टिकून होती.

डेव्हींच्या दिव्याच्या इतिहासातील एका गोष्टीचा मात्र क्वचितच उल्लेख होतो. दिवा आल्यानंतर स्फोट अपेक्षेइतके कमी झाले नाहीत. धोकादायक म्हणून सोडून दिलेल्या, मिथेनने भरलेल्या थरांत दिव्याच्या भरवशावर पुन्हा काम सुरू झाले, आणि जाळी गंजली किंवा फाटली की तोच दिवा आग लावू शके. सुरक्षेचे साधन हाती आले की माणूस अधिक धोक्यात शिरतो आणि त्या साधनाची निगा राखायला विसरतो, हा अनुभव दोनशे वर्षांपूर्वीचा असला तरी आजच्या डिजिटल उपकरणांनाही तो लागू पडतो.

आज कामगाराच्या खिशाला किंवा पट्ट्याला अडकवलेला चार वायूंचा डिटेक्टर साधारणतः ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड यांवर लक्ष ठेवतो. एकाच डबीत असले तरी हे सेन्सर वेगवेगळ्या तत्त्वांवर चालतात. विषारी वायूंसाठी विद्युत-रासायनिक सेन्सर असतो. वायूचे रेणू एका पातळ पडद्यातून आत जातात, विद्युत-अग्रावर त्यांची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून वायूच्या प्रमाणात अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. तो प्रवाह मोजून आकडा दाखवला जातो. आकडा स्थिर व्हायला अर्ध्या मिनिटापर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून उपकरण आत धरून लगेच बाहेर काढणे म्हणजे मोजणी नव्हे. ऑक्सिजनच्या अनेक सेन्सरांत शिशाचे अग्र असते आणि ते वापराबरोबर झिजत जाते. उपकरण कपाटात पडून असले तरी हवेतला ऑक्सिजन ते झिजवतच राहतो, त्यामुळे साधारण दोन वर्षांत ते निकामी होते.

ज्वलनशील वायूंसाठी दीर्घकाळ वापरात असलेला सेन्सर त्या वायूला प्रत्यक्ष जाळूनच मोजतो. त्यात प्लॅटिनमच्या तारेवर बसवलेले दोन सूक्ष्म मणी असतात आणि त्यांपैकी एकावर उत्प्रेरकाचा लेप असतो. तापलेल्या त्या मण्यावर मिथेनसारखा वायू ज्योतीशिवाय जळतो, तारेचे तापमान वाढते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि दुसऱ्या मण्याशी तुलना करून हा बदल मोजला जातो. पडद्यावर येणारा आकडा मात्र हवेतील वायूची टक्केवारी नसतो. तो किमान स्फोटमर्यादेची टक्केवारी दाखवतो. मिथेन हवेत सुमारे ५ टक्के झाला की त्याचा स्फोट होऊ शकतो, आणि या ५ टक्क्यांनाच उपकरण १०० म्हणते. पडद्यावर १० दिसले तर हवेत मिथेन अर्धा टक्का आहे असा त्याचा अर्थ होतो. हा फरक ठाऊक नसलेला माणूस आकडा वाचून घाबरतो तरी, नाही तर उगाच निर्धास्त राहतो.

या सेन्सरची आणखी एक मर्यादा जिवावर बेतू शकते. वायू जाळण्यासाठी त्याला ऑक्सिजन लागतो. टाकीत मिथेन काठोकाठ भरला असेल आणि ऑक्सिजन उरलेलाच नसेल, तर मण्यावर काहीच जळत नाही आणि पडद्यावर फसवा, छोटा आकडा दिसू शकतो. म्हणूनच हवा तपासताना आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू आणि त्यानंतर विषारी वायू असा क्रम पाळतात. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांखाली गेला तर उपकरण धोक्याची सूचना देते आणि २३.५ टक्क्यांच्या वर गेला तरीही देते, कारण जास्त ऑक्सिजनमध्ये कपडे, केस आणि तेलकट चिंध्या क्षणात पेटतात. अवरक्त किरणांवर चालणाऱ्या सेन्सरला ऑक्सिजनची गरज नसते. मिथेन सुमारे ३.३ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण शोषून घेतो, आणि हे शोषण किती झाले यावरून वायूचे प्रमाण कळते. पण हायड्रोजन हे किरण शोषत नाही, त्यामुळे हायड्रोजन असण्याची शक्यता असलेल्या जागी हा सेन्सर आंधळा ठरतो.

सर्वांत जास्त काळजी वाटावी अशी गोष्ट मात्र सेन्सर ज्या प्रकारे बिघडतो, ती आहे. सिलिकोन असलेल्या फवाऱ्याची किंवा वंगणाची थोडीशी वाफ उत्प्रेरक मण्यावर बसली की मणी कायमचा निकामी होऊ शकतो. अशा उपकरणाचा दिवा लागतो, बॅटरी पूर्ण भरलेली दिसते आणि पडद्यावर शून्य येते. स्वच्छ हवेतील शून्य आणि मेलेल्या सेन्सरचे शून्य अगदी सारखे दिसतात, आणि केवळ पडदा पाहून त्यांतला फरक कोणालाही सांगता येत नाही. तो ओळखण्याचा एकच मार्ग आहे. प्रमाण आधीच ठाऊक असलेला वायू लहान सिलिंडरमधून उपकरणावर सोडायचा आणि सूचना वाजते का ते पाहायचे. तंत्रज्ञ याला बम्प टेस्ट म्हणतात. तिला एक-दोन मिनिटे लागतात आणि ती रोज, कामावर उतरण्यापूर्वी करायची असते. ठराविक काळाने कॅलिब्रेशन, म्हणजे ज्ञात प्रमाणाच्या वायूशी आकडा जुळवून घेण्याचे काम, करून घेतले म्हणून ही चाचणी टाळता येत नाही, कारण सेन्सर कालच्या कामातही निकामी झालेला असू शकतो. उपकरणखरेदीवर खर्च करणाऱ्या पण चाचणीचा वायू संपल्यावर महिनोन्‌महिने नवा सिलिंडर न मागवणाऱ्या व्यवस्थापनाने कामगाराच्या हाती सुरक्षेचा केवळ आभास दिलेला असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजणी कोठे केली यालाही तितकेच महत्त्व आहे. मिथेनची घनता हवेच्या सुमारे निम्मी असल्याने तो वर साचतो, हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा किंचित जड असल्याने तळाशी रेंगाळतो, आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ हवेइतकाच असल्याने कोठेही सापडतो. म्हणून आत उतरण्यापूर्वी लांब नळी आणि पंप वापरून वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरांतील हवा वेगवेगळी तपासावी लागते, आणि नळी जितकी लांब तितके जास्त वेळ थांबावे लागते. तरीही ही तपासणी फक्त त्या क्षणापुरती खरी असते. गाळात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड फावडे लागताच एकदम सुटतो, म्हणजे हवा बिघडवण्याचे काम आत उतरलेला माणूस स्वतःच नकळत करतो. त्यामुळे उपकरण अंगावर, श्वास घेण्याच्या पातळीच्या जवळ, नाकापासून साधारण फूटभर अंतराच्या आत असायला हवे आणि काम संपेपर्यंत ते सुरू ठेवायला हवे. सूचना केवळ आवाजाने देऊन भागत नाही. यंत्रांच्या गोंगाटात ती ऐकू येईलच असे नसते, म्हणून दिवा लुकलुकतो आणि उपकरण थरथरतेही.

मिथेन पेटायला एका मिलिज्यूलच्या तिसऱ्या भागाहूनही कमी ऊर्जेची ठिणगी पुरते आणि हायड्रोजनला त्याहूनही कितीतरी कमी. त्यामुळे मोजणारे उपकरणच आग लावणार नाही याची खात्री आधी करावी लागते. अशा उपकरणांच्या विद्युत मंडलात बिघाड झाला तरी वायू पेटवण्याइतकी ऊर्जा ठिणगीत येऊ नये, अशी त्यांची रचना असते. साधा मोबाइल किंवा विजेरी तशी नसते.

आकडा वाईट आला आणि तरीही आत जाणे भाग असले, तर श्वसनसाधनाचा प्रश्न येतो आणि येथे एक गैरसमज अनेकांचे बळी घेतो. गाळणी असलेला मुखवटा हवेतील धूळ किंवा विशिष्ट वायू अडवतो, पण तो ऑक्सिजन तयार करत नाही. ऑक्सिजन कमी असलेल्या जागेत सर्वांत महागडी गाळणीही निरुपयोगी आहे. तेथे पाठीवर हवेचा सिलिंडर हवा किंवा बाहेरून नळीने हवेचा पुरवठा हवा. ३०० बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे ३०० पट, दाबाने भरलेल्या ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये मोकळ्या हवेच्या हिशेबाने सुमारे १८०० लिटर हवा मावते. कष्टाचे काम करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर हवा वापरतो असे धरले, तर ती जेमतेम पाऊण तास पुरते, आणि परत बाहेर पडायला लागणारी हवाही त्यातूनच राखून ठेवायची असते. मुखवट्यात बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब ठेवतात, म्हणजे फट राहिली तर आतली हवा बाहेर जाते आणि बाहेरचा वायू आत येत नाही. दाढी मात्र मुखवट्याची कड त्वचेवर बसू देत नाही, म्हणून तो वापरणाऱ्यांना दाढी राखता येत नाही.

अलीकडे ही उपकरणे एकमेकांशी आणि नियंत्रण कक्षाशी जोडलेली असतात. आतील गतिमापकामुळे, परिधान करणारा माणूस ठरावीक सेकंद हलला नाही तर उपकरण आधी त्याला विचारते आणि उत्तर आले नाही तर इतरांना सूचना पाठवते. एकट्याने काम करणाऱ्यासाठी हा मोठा आधार आहे. मात्र जाड लोखंड आणि माती रेडिओलहरींना अडवतात, उपग्रहावरून स्थान कळण्याची सोय जमिनीखाली चालत नाही, आणि खाणीत वा बोगद्यात यासाठी खास केबल किंवा जागोजागी लहान प्रक्षेपक बसवावे लागतात. संपर्क तुटला तर नियंत्रण कक्षातील पडद्यावर शेवटचा चांगला आकडाच गोठून राहणार नाही, याची दक्षता यंत्रणा उभारणाऱ्याने घ्यायची असते. शिवाय अशा यंत्रणेत कामगार कोठे होता आणि किती वेळ थांबला याची नोंद राहते. ही नोंद जीव वाचवण्याऐवजी विश्रांतीची मिनिटे मोजण्यासाठी वापरली गेली, तर कामगार ते उपकरण मनापासून अंगावर घालणार नाहीत, म्हणून तिचा वापर कशासाठी होणार हे आधीच लेखी ठरवून त्यांना सांगावे.

जोडलेल्या यंत्रणेचा एक उपयोग मला इतर सर्व उपयोगांपेक्षा मोलाचा वाटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार, बंदिस्त जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण दुसऱ्याला वाचवायला उतरलेले होते. एक जण कोसळतो, दुसरा धावत आत जातो, मग तिसरा. बाहेर थांबलेल्या सोबत्याच्या हातातील उपकरणावर आतील हवेचे आकडे दिसत असतील, तर सहकारी चक्कर येऊन पडला आहे की हवाच विषारी झाली आहे, हे त्याला उतरण्यापूर्वी कळते. पण केवळ हे कळून भागत नाही. आत उतरणाऱ्याच्या अंगात हार्नेस, म्हणजे अंगाला बांधलेला पट्ट्यांचा साज, असावा, त्याची दोरी टाकीच्या तोंडावर उभारलेल्या तिपाईवरील हातरहाटाला आधीपासून जोडलेली असावी, आणि बाहेरच्या सोबत्याला आत न जाता ती ओढण्याचा सराव असावा. बेशुद्ध माणसाला नंतर दोरी बांधायची म्हटले, तर त्यासाठी कोणाला तरी त्याच हवेत उतरावेच लागते.