‘सर्वांत सुरक्षित ब्राउझर’ असा अहवाल वाचलात, तर हे तपासा

आमच्या ग्राहकांसाठी माहिती

‘अमुक ब्राउझर सुरक्षिततेत पहिला’ अशी बातमी आली की ग्राहक विचारतात, आता ब्राउझर बदलायचा का? त्याआधी दोन गोष्टी पाहा. चाचणीचा खर्च कुणी केला आणि मोजलं नेमकं काय?

मार्च २००९ मध्ये एनएसएस लॅब्ज या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या कंपनीच्या चाचणीत इंटरनेट एक्सप्लोरर ८ ने मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) पसरवणाऱ्या ६९ टक्के लिंक अडवल्या, तर क्रोमने १६ टक्के. खर्च मायक्रोसॉफ्टचा होता. डिसेंबर २०११ मध्ये अ‍ॅक्युव्हंट या सुरक्षा कंपनीच्या अभ्यासात क्रोम पहिला आला. तिथे खर्च गूगलचा. यातले आकडे खोटे होते, असं आमचं म्हणणं नाही. पहिल्या चाचणीचा प्रश्न होता : फसवून फाइल डाउनलोड करायला लावणारी लिंक ब्राउझर ओळखतो का? दुसरीचा मुख्य भर होता हल्लेखोर आत शिरलाच तर त्याला रोखून धरणाऱ्या व्यवस्थेवर, म्हणजे सँडबॉक्सिंगसारख्या (वेबपानाला बाकी कॉम्प्युटरपासून वेगळं कोंडून ठेवण्यासारख्या) गोष्टींवर. तुम्हाला दोन्ही संरक्षणं हवीत. पण दोन्ही वेळा खर्च करणाऱ्याचाच ब्राउझर जिंकला, हे नजरेआड करू नका.

सर्वांत जास्त दिशाभूल होते ती सापडलेल्या त्रुटींच्या नुसत्या संख्येमुळे. फायरफॉक्सचा सोर्स कोड (प्रोग्रामची मूळ संहिता) सगळ्यांसाठी खुला आहे आणि दुरुस्त केलेल्या सुरक्षा-त्रुटींची यादी तो बनवणारी मोझिला जाहीर करते. एखाद्या कंपनीने स्वतःला सापडलेल्या त्रुटी गाजावाजा न करता दुरुस्त केल्या, तर त्या मोजणीत येतच नाहीत. मग प्रामाणिकपणे सांगणारा कच्चा दिसतो आणि न सांगणारा पक्का! त्रुटी कळल्यापासून तिची दुरुस्ती तुमच्या कॉम्प्युटरवर पोचेपर्यंत किती दिवस गेले, हा आकडा आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. तो अहवालात आहे का, ते शोधा.

अहवालाची तारीखही पाहा. ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या काही आठवड्यांनी येत राहतात, त्यामुळे वर्षापूर्वीची चाचणी तुमच्याकडे आता नसलेल्या आवृत्तीची असते. शिवाय एज (२०२० पासून), ब्रेव्ह आणि ऑपेरा हे क्रोमच्याच पायावर, म्हणजे क्रोमियम या खुल्या कोडवर उभे आहेत; त्यामुळे अहवालात त्यांची नावं वेगळी दिसली, तरी गाभा बराचसा एकच असतो.

चाचणीची पद्धत, आवृत्त्या आणि खर्च करणाऱ्याचं नाव दिलेलं नसेल, तर त्या अहवालावरून ब्राउझर बदलू नका, असंच आम्ही सांगू. तोवर अपडेटची सूचना दिसली की ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, आणि वापरात नसलेली एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) काढून टाका. शंका असेल तर अहवाल आमच्याकडे पाठवा, आपण तो मिळून वाचू.