पार्श्वभूमी: शर्टावरचा नंबर, घड्याळातलं मिनिट

लिव्हरपूलच्या सामन्यात विसावं मिनिट लागलं की टाळ्या का सुरू होतात, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. ३ जुलै २०२५ ला लिव्हरपूलचा खेळाडू दिओगो जोटा मरण पावला, त्याच्या पाठीवर २० नंबर होता, म्हणून विसावं मिनिट. हिशेब इतका सरळ आहे की ही प्रथा फुटबॉलइतकीच जुनी असणार असं वाटतं. प्रत्यक्षात ती रुजली या शतकात, आणि त्यासाठी आधी एक रुक्ष, कारकुनी बदल व्हावा लागला होता.

त्याआधीचं थोडक्यात. ४ मे १९४९ ला सुपेर्गाच्या टेकडीवर विमान आदळलं आणि इटलीच्या तोरिनो क्लबचा जवळजवळ अख्खा संघ गेला. एकूण ३१ माणसं. दरवर्षी त्या तारखेला तोरिनोचा त्या वेळचा कप्तान टेकडीवर चढतो आणि गेलेल्यांची नावं एकेक करून मोठ्याने वाचतो. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकच्या विमान अपघातात २३ जण गेले, त्यात मँचेस्टर युनायटेडचे ८ खेळाडू. तेरा दिवसांनी संघ पुन्हा मैदानात उतरला तेव्हा सामन्याच्या छापील पुस्तिकेत युनायटेडच्या अकरा नावांच्या जागा कोऱ्या ठेवल्या होत्या. पुस्तिका छापायला जाईपर्यंत कोण खेळणार हेच ठरलं नव्हतं. लोकांनी ती पुस्तिका जपून ठेवली. डंकन एडवर्ड्स त्या रात्री अजून म्युनिकच्या दवाखान्यात झुंजत होता. दोन दिवसांनी तो गेला. वय २१. त्याच्या गावी, डडलीला, चर्चमध्ये रंगीत काचांच्या खिडकीत तो फुटबॉलच्या पोशाखात उभा आहे. ती खिडकी १९६१ ची.

तारीख, टेकडी, खिडकी, नावं. या सगळ्यात नंबर कुठेच नाही, आणि तो असायचं कारणही नव्हतं. एडवर्ड्स बहुतेक वेळा ६ नंबर घालायचा, पण ६ हा लेफ्ट हाफच्या जागेचा नंबर होता. पुढच्या सामन्यात तो दुसऱ्याच्या पाठीवर गेला आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. १ ते ११ हे आकडे मैदानावरच्या जागांचे होते. युनायटेडचाच जॉर्ज बेस्ट म्हटलं की ७ आठवतो, पण तोही अनेकदा ११ घालून खेळला आहे.

कारकुनी बदल तो हाच. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगने १९९३-९४ च्या मोसमात प्रत्येक खेळाडूला वर्षभरासाठी कायमचा नंबर दिला आणि वर आडनाव छापलं. इटली आणि स्पेनमध्ये हे १९९५-९६ पासून सुरू झालं. हेतू कुणाचं स्मरण करण्याचा मुळीच नव्हता. टीव्हीवर खेळाडू पटकन ओळखू यावा आणि दुकानात शर्ट खपावेत, इतकाच होता. पण नंबर एकदा आडनावाला चिकटला आणि माणूस गेल्यावरही सुटेना.

मग २००३ ते २००९ या काळात एकामागून एक असे मृत्यू झाले की ज्यांनी तेव्हा फुटबॉल पाहिला त्यांना ते क्रमाने आठवतात. २६ जून २००३, ल्यों: कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए कॉन्फेडरेशन्स कपच्या उपांत्य सामन्यात कोलंबियाविरुद्ध ७२ व्या मिनिटाला मधल्या वर्तुळाजवळ कोसळला. आसपास कुणीही नव्हतं, धक्का नाही, टक्कर नाही. त्याच संध्याकाळी दुसऱ्या उपांत्य सामन्यात फ्रान्सचे खेळाडू गोल झाल्यावर आकाशाकडे बोट दाखवत होते. २५ जानेवारी २००४: बेनफिकाचा हंगेरियन मिक्लोश फेहेर. त्याला पिवळं कार्ड दाखवलं गेलं, तो हसला, मग गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि मागे कोसळला. त्याच्याबद्दल बोलायला बसलेला प्रत्येक जण त्या हसण्यापासून सुरुवात करतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंगळूरला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात डेम्पोचा ब्राझीलियन क्रिस्तियानो ज्युनियर गोलरक्षकाशी टक्कर होऊन गेला. सामन्यातले दोन्ही गोल त्याचे होते. ऑगस्ट २००७ मध्ये स्पेनच्या सेव्हिया क्लबचा आंतोनियो पुएर्ता, वय २२. ऑगस्ट २००९ मध्ये एस्पान्योलचा दानी हार्के, वय २६.

हे सगळे तरुण होते आणि हार्के सोडला तर कॅमेऱ्यासमोर कोसळले. निवृत्त होऊन मग चाळिशी-पन्नाशीत गेलेल्या खेळाडूच्या आठवणी सांगायला त्याची अख्खी कारकीर्द असते. बावीस वर्षांच्या मुलाबद्दल सांगणार काय? पुएर्ताबद्दल सांगण्यासारखा एक गोल होता. २७ एप्रिल २००६, शाल्केविरुद्ध यूएफा कपची उपांत्य फेरी, जादा वेळेतलं शंभरावं मिनिट, डाव्या पायाचा फटका. सेव्हिया त्या गोलाने अंतिम फेरीत गेला आणि पुढे करंडक जिंकला. शहराचा वार्षिक मेळा चालू असलेल्या आठवड्यातला तो गुरुवार. आज सेव्हियाच्या कुठल्याही पाठीराख्याला विचारा, तो गुरुवारी रात्री कुठे होता हे सांगेल. सगळ्यांचं म्हणणं खरं धरलं तर त्या रात्री स्टेडियममध्ये दोन-तीन लाख माणसं असायला हवीत. आठवणींचं हे असंच असतं, आणि गेलेल्या माणसाच्या बाबतीत कुणी हिशेब तपासत नाही.

मैदानावरच्या श्रद्धांजलीची पद्धतही याच वर्षांत बदलली. मौन पाळण्याचा सार्वजनिक रिवाज पहिल्या महायुद्धानंतरचा, नोव्हेंबर १९१९ पासूनचा. टाळ्यांचा रिवाज दक्षिण युरोपातून आला असं मानतात. इटलीत शवपेटी चर्चबाहेर निघताना लोक टाळ्या वाजवतात. नोव्हेंबर २००५ मध्ये बेस्ट गेला तेव्हा इंग्लंडच्या काही मैदानांवर मौनाऐवजी टाळ्या वाजल्या आणि मग ती प्रथाच पडली. टाळ्यांच्या बाजूने एक कारण उघड सांगितलं जायचं: माणसाच्या खेळाचा आनंद साजरा करतोय. दुसरं कारण दबक्या आवाजात: टाळ्यांच्या आवाजात शिव्या बुडतात. म्युनिकला ५० वर्षं झाली त्या दिवशी, ६ फेब्रुवारी २००८ ला, वेम्ब्लीवर काहींनी मौन मोडलं. चार दिवसांनी युनायटेडच्या मैदानावर शहरातल्याच सिटीशी सामना, म्हणजे डर्बी, होती आणि मौन नको, टाळ्या ठेवा, अशी विनंती पाहुण्या पाठीराख्यांच्या संघटनेकडूनच आली होती. यजमान क्लबने ती मानली नाही. पूर्ण मिनिटभर शांतता पाळली गेली. पाहुण्यांनी सामनाही २-१ ने जिंकला, पण त्या दिवसाबद्दल बोलताना तो निकाल आधी कुणी सांगत नाही.

आता मुख्य भांडण: नंबर ‘रिटायर’ करायचा की नाही.

शब्दापासूनच गोंधळ आहे. निवृत्त होतो तो खेळाडू. नंबर कसा निवृत्त होईल? शब्द अमेरिकेतून आला. तिथे आइस हॉकी आणि बेसबॉलमध्ये १९३० च्या दशकात हे सुरू झालं, आणि ते जिवंत माणसांच्या सन्मानासाठी होतं. इटालियनमध्ये शर्ट ‘मागे घेतला’ असं म्हणतात आणि ते जास्त नेमकं वाटतं. मागे घेतलेली वस्तू कपाटात असते, पुन्हा काढता येते. मिलानने १९९७ मध्ये फ्रांको बारेसीचा ६ नंबर मागे घेतला, तेव्हा बारेसी धडधाकट होता. नापोलीने २००० मध्ये मॅराडोनाचा १० मागे घेतला, तेव्हा मॅराडोनाही होता. म्हणजे मूळ अर्थ ‘याच्यासारखा पुन्हा होणे नाही’ असा. २००३ नंतर त्याच कृतीला दुसराच अर्थ आला: ‘हा आपल्यातून गेला’. फोएचा २३ मँचेस्टर सिटीने थांबवला, फेहेरचा २९ बेनफिकाने, क्रिस्तियानोचा १० डेम्पोने. एकाच शब्दात दोन निराळ्या गोष्टी कोंबल्यामुळे वाद होतात. एकाला वाटतं, इतका काही मोठा खेळाडू नव्हता तो. दुसऱ्याला या वाक्याचाच राग येतो. दोघं वेगवेगळ्या शब्दाबद्दल बोलत असतात.

त्यात नियम आडवे येतात. २००२ च्या विश्वचषकासाठी अर्जेंटिनाने १० नंबर रिकामा ठेवायचं ठरवलं होतं. फिफाकडून उत्तर आलं की नंबर १ ते २३ असेच हवेत, मधला गाळता येणार नाही. १० आरिएल ओर्तेगाने घातला. स्पेनच्या लीगमध्ये पहिल्या संघाला १ ते २५ हेच आकडे मिळतात. एक कायमचा काढला तर संघात एक माणूस कायमचा कमी. त्यामुळे पुएर्ताचा १६ नंबर सेव्हियाला हवा असूनही अधिकृतपणे बंद करता आला नाही. तेव्हा पाठीराख्यांना हा नियम निर्दयी वाटला होता, ते साहजिकच होतं.

माझं मत विचाराल तर त्या नियमामुळे बरंच झालं. नंबर बंद झाला की तो भिंतीवर जातो. चालू राहिला की तो कुणाला द्यायचा हे दर वेळी ठरवावं लागतं, आणि त्या निमित्ताने गेलेल्या माणसाचं नाव पुन्हा निघतं. ल्योंमध्ये फोएचा १७ नंबर काही वर्षं रिकामा होता. २००८ मध्ये कॅमेरूनचाच ज्यां मकून तिथे आला आणि त्याने तो फोएच्या आठवणीसाठी म्हणून मागून घेतला. सेव्हियात २०१७ मध्ये हेसूस नवास परत आला आणि १६ त्याच्याकडे गेला. पुएर्ता आणि तो एकाच अकादमीत वाढलेले. शर्ट त्याच्या अंगावर कुणाला खटकला नाही. सेर्हिओ रामोसही त्याच अकादमीतला. पुएर्ता स्पेनसाठी एकदाच खेळला तेव्हा त्याच्या पाठीवर १५ होता, म्हणून रामोसने पुढे स्पेनसाठी १५ घातला.

याच्या उलट टोक ब्राझीलच्या सांतोसचं, पेलेच्या क्लबचं. पेले २९ डिसेंबर २०२२ ला गेला. मैदानावर ठेवलेल्या त्याच्या पार्थिवाचं दर्शन घ्यायला २४ तासांत दोन लाख तीस हजारांहून जास्त माणसं आली. १० नंबर बंद करा ही मागणी लगेच उठली, पण क्लबने तो चालू ठेवला. मग २०२३ च्या शेवटी सांतोस इतिहासात पहिल्यांदाच खालच्या श्रेणीत घसरला आणि नव्या कारभाऱ्यांनी जाहीर केलं की वर येईपर्यंत १० कुणी घालणार नाही. हे श्रद्धांजलीपेक्षा शिक्षेच्या जवळचं होतं. संघ वर आला, २०२५ मध्ये नेमार परतला आणि १० त्याच्या पाठीवर गेला. पेले जिवंत असतानाही तो नंबर नेमारने सांतोससाठी घातला नव्हता, हे लक्षात घेतलं की त्या शर्टाचं ओझं कळतं.

इटलीच्या फिओरेंतिना क्लबात वाद नंबरवर झाला नाही, दंडावरच्या पट्टीवर झाला. १३ नंबरचा कप्तान दाविदे अस्तोरी ४ मार्च २०१८ ला उदिनेच्या हॉटेलात झोपेतच गेला. एका आठवड्याने बेनेव्हेंतोविरुद्ध सामना होता. तेराव्या मिनिटाला खेळ थांबवला, सगळं स्टेडियम उभं राहिलं. पुढे फिओरेंतिनाचा जो एकमेव गोल झाला तो व्हितोर ह्यूगोने हेडरने केला, आणि त्याच्या पाठीवर नंबर होता ३१. तेरा उलटा. असं कुणी कथेत लिहिलं तर आपण ओढूनताणून म्हणू. पुढच्या मोसमात लीगने सगळ्या कप्तानांना एकसारखी पट्टी सक्तीची केली. नव्या कप्तानाने अस्तोरीची आद्याक्षरं आणि १३ असलेली पट्टीच घातली. कारवाई झाली, त्याने तरी तीच घातली, आणि शेवटी त्या पट्टीला मुभा मिळाली.

नियमाशी झालेली सर्वांत प्रसिद्ध टक्कर मात्र हार्केची. २ ऑगस्ट २००९ ला एस्पान्योलच्या नव्या स्टेडियमचं उद्घाटन झालं तेव्हा तो नवा कप्तान होता. सहा दिवसांनी सराव-दौऱ्यावर, इटलीत, हॉटेलच्या खोलीत तो गेला. ११ जुलै २०१० ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ११६ व्या मिनिटाला आंद्रेस इनिएस्ताने गोल केला आणि शर्ट काढला. आत पांढऱ्या बनियनवर हाताने लिहिलेलं होतं: दानी हार्के, कायम आमच्यासोबत. शर्ट काढला म्हणून पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं. नियमच तसा आहे. इनिएस्ता बार्सिलोनाचा, म्हणजे एस्पान्योलच्या शहरातल्याच कट्टर प्रतिस्पर्ध्याचा. डिसेंबरमध्ये तो एस्पान्योलच्या मैदानावर खेळायला आला. बार्सिलोनाने ५-१ असा धुव्वा उडवला, आणि त्याच पडझडीत यजमान प्रेक्षक इनिएस्तासाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिथे एकविसाव्या मिनिटाच्या टाळ्या आजही वाजतात आणि हार्केच्या आठवणी स्टेडियमच्या २१ नंबरच्या दारापाशी मांडलेल्या असतात.

जोटाच्या वेळी हे सगळं तयार होतं. मिनिट कुठलं, नंबरचं काय करायचं, हे ठरवायला फारसा वेळ लागला नाही. लिव्हरपूलने इतिहासात पहिल्यांदा एक नंबर थांबवला, घरच्यांशी बोलून आणि सगळ्या वयोगटांच्या संघांसाठी. २००७ मध्ये सेव्हियाकडे असा कुठलाच धडा नव्हता. सोळाव्या मिनिटाला पुएर्ताच्या नावाचा गजर लोकांनी आपणहून सुरू केला. डिसेंबर २०२४ मध्ये नवास थांबला. त्याआधीची सात वर्षं तिथे दर घरच्या सामन्यात एक विचित्र गोष्ट घडायची: सोळावं मिनिट लागायचं, उजव्या बाजूने १६ नंबरचा शर्ट धावत असायचा, आणि स्टेडियम दुसऱ्याच माणसाचं नाव घेत असायचं.