रोज सरकणारा षड्ज

गिरगावातील घरी रोज सकाळी रियाजाला बसण्यापूर्वी मी माझा तंबोरा लावतो. खुंट्या पिळण्याऐवजी येथे पेचकसाने सहा प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करता येणारे छोटे रेझिस्टर) फिरवावे लागतात, कारण हे वाद्य लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या आयसींना (इलेक्ट्रॉनिक चिपना) झिरो पीसीबीवर, म्हणजे छिद्रे असलेल्या कोऱ्या सर्किट-पाटीवर, डाग देऊन मी स्वतः उभे केले आहे.

40106 या आयसीत सहा श्मिट ट्रिगर, म्हणजे व्होल्टेजच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन उंबरठ्यांवर उलटणारे स्विच, असतात. त्यांपैकी एकाला रेझिस्टर आणि कपॅसिटर जोडला, की कपॅसिटर हळूहळू भारित होतो, व्होल्टेज वरच्या उंबरठ्याला टेकताच ट्रिगर उलटतो, कपॅसिटर रिकामा होऊ लागतो आणि खालचा उंबरठा येताच पुन्हा भरू लागतो. ही भरती-ओहोटी सेकंदाला जितक्या वेळा होते, तितकी स्वराची कंपनसंख्या. 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि सुमारे 90 किलोओहमचा रेझिस्टर घेतल्यास काळी एकचा, 138.6 हर्ट्झचा षड्ज मिळतो. आयसीगणिक हा हिशेब थोडा बदलतो.

यांपैकी कोणतीही किंमत एक टक्क्याने बदलली, तर स्वर सुमारे 17 सेंटने सरकतो (एका सप्तकाचे 1200 सेंट होतात). हार्मोनियमचा शुद्ध गंधार आणि तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार यांच्यात अंतर आहे जेमतेम 14 सेंटचे. ज्या फरकासाठी गाणारा वर्षानुवर्षे कान तयार करतो, तो एका टक्क्यात बुडून जातो. स्वस्त डिस्क कपॅसिटर मे महिन्याच्या उकाड्यात याहून अधिक बदलू शकतात, म्हणून मी ते काढून पॉलिस्टरचे लावले. बॅटरी उतरली की उंबरठे हलतात, त्यावर मात्र रोज लावून घेण्यावाचून उपाय नाही.

लावताना मदत होते ती विस्पंदांची, म्हणजे जवळच्या दोन स्वरांमुळे नादात येणाऱ्या चढउतारांची. एक षड्ज 138.6 आणि दुसरा 139.1 हर्ट्झवर असेल, तर नाद दर दोन सेकंदांनी एकदा फुगतो आणि ओसरतो. पंचम जुळतो तेव्हा षड्जाचा तिसरा आणि पंचमाचा दुसरा उपस्वर (मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट आणि दुप्पट असलेले स्वर) 415.8 हर्ट्झवर एकत्र येतात. मात्र सममित चौकोनी तरंगात सम क्रमांकाचे उपस्वर नसतातच, त्यामुळे सुरुवातीला माझा पंचम कानाला पकडता येत नव्हता. डायोड घालून भरण्याचा आणि रिकामे होण्याचा वेळ असमान केल्यावर ते उपस्वर आले आणि नादाला तंबोऱ्याच्या घोडीवरच्या जवारीसारखी धारही आली.

मला सर्वांत मोहवणारी गोष्ट याच्या पुढची आहे. दोन षड्ज अगदी जवळ आणले, की विस्पंद मंदावत जाण्याऐवजी एकाएकी थांबतात आणि दोन्ही आंदोलक (स्वर निर्माण करणारी सर्किटे) एकमेकांना धरून चालू लागतात. एक ट्रिगर उलटताना सामाईक पुरवठ्याचे व्होल्टेज क्षणभर खचते, त्याबरोबर दुसऱ्याचा उंबरठाही हलतो आणि उलटण्याच्या बेतात असलेला तो ट्रिगर थोडा आधीच उलटतो. 1665 मध्ये डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी एकाच आधाराला टांगलेल्या दोन लंबकाच्या घड्याळांत असेच जुळणे पाहिले होते. तेथे दुवा लाकडाच्या सूक्ष्म हालचालीचा होता, येथे तो तांब्याच्या पट्टीचा आहे. आयसीच्या पुरवठ्याच्या पिनेजवळ कपॅसिटर लावला की ही ओढ कमी होते. षड्जांच्या बाबतीत मी ती मुद्दाम थोडी राहू दिली आहे, कारण त्यामुळे तासभर तरी ते ढळत नाहीत. गंधाराला मात्र वेगळा आयसी आणि वेगळी बॅटरी दिली आहे, म्हणजे त्याला कोणी ओढून नेत नाही आणि त्याची जागा रोज कानानेच शोधावी लागते.